जिंकणार कोण ते राहू दे, भाव काय ते सांग

प्रश्न असा आला आहे: "काका, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, सध्या शिकायला इंग्लंडमध्ये आहे. इथं मॅचवर पैसे लावणं कायदेशीर आहे, चौकाचौकात दुकानं आहेत. मी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलोय, शाळेकडून लेफ्ट हाफ खेळलोय, म्हणजे फुटबॉल कळतो. तरी चार महिन्यांत साडेतीनशे पौंड गेले. येत्या शनिवारच्या मॅचचा भाव यजमान १.८०, ड्रॉ ३.६०, पाहुणे ४.५० असा आहे. यजमानांनी शेवटच्या पाचपैकी चार जिंकल्यात, पाहुण्यांनी तीन हरल्यात. यजमान घेऊ ना? तुम्ही बाजू कशी निवडता?"

मी सात वर्षं तिकडच्याच एका बेटिंग कंपनीत भाव काढायच्या टेबलावर होतो. तू ज्या काउंटरवर पैसे देतोस त्याच्या आतल्या बाजूला. आता कोल्हापुरात परत येऊन पोरांना संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळं उत्तर जरा लांबेल, आणि थोडी आकडेमोड सोसावी लागेल.

माझे वडील मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर सौद्याला जायचो. एकदा पिवळाधमक, कणीदार गुळाचे रवे बघून मी शेजारच्या खरेदीदाराला म्हणालो, "मामा, हा घ्या." त्यानं कडेचा खडा काढून दाताखाली फोडला, मान डोलावली आणि सरळ पुढच्या ढिगाकडं गेला. तिथला जरा काळपट गूळ घेतला. नंतर चहा पिताना मी विचारलं तर म्हणाला, "तो गूळ चांगलाच होता की. पण चांगला हाय हे सगळ्यास्नीच दिसत होतं. बोली लई वर गेली."

तुझ्या शनिवारच्या यजमानांचं तेच आहे. त्यांनी पाचपैकी चार जिंकल्या हे तुला दिसलं, तसं भाव काढणाऱ्यालाही दिसलं, तुझ्याआधी दिसलं, आणि ते १.८० मध्ये घालूनच त्यानं भाव लावला. फुटबॉल कळणं म्हणजे गुळाचा रंग कळणं. तेवढ्यानं दर कळत नाही.

आता हे १.८० उलगडून बघू. एक पौंड लावलास आणि जिंकलास तर तो पौंड धरून १.८० परत, असा त्याचा अर्थ. १ ला भावानं भागलं की टक्केवारी निघते. १.८० चे ५५.६ टक्के, ३.६० चे २७.८, ४.५० चे २२.२. बेरीज १०५.६. मॅचचा निकाल तर शंभर टक्क्यांतच लागणार. मग वरचे साडेपाच कुणाचे? दुकानाचे. यार्डात त्याला अडत म्हणतात. ती काढून टाकली की बाजाराचं खरं मत उरतं: यजमान ५२.६, ड्रॉ २६.३, पाहुणे २१.१. म्हणजे जी टीम निम्म्याहून जरा जास्त वेळा जिंकेल असं बाजाराला वाटतं, तिच्यावर तुला नुसते पैसे परत मिळायलासुद्धा ती ५५.६ टक्के वेळा जिंकायला हवी. यजमान जिंकतील असं मलाही वाटतं. पण ते ५५.६ पेक्षा जास्त वेळा जिंकतील का, हा खरा प्रश्न, आणि पाचपैकी चार विजयांत त्याचं उत्तर नाही.

याच हिशेबातून तुझ्याबद्दल एक गोष्ट कळते. डोळे झाकून बाजू निवडली तरी या भावानं शंभराला सव्वापाच पौंड जातात. त्या गतीनं साडेतीनशे जायला साडेसहा हजारांहून जास्त लावावे लागतील. विद्यार्थ्याकडं एवढे पैसे कुठले? म्हणजे तू माळा लावतोस. चार-पाच मॅचेस एकात गुंफायच्या, सगळ्या लागल्या तर वीसपट! बरोबर ना? प्रत्येक मॅचमागं अडत एकदा जात नाही, ती गुणली जाते. पाच मॅचच्या माळेत शंभरातले चोवीस पौंड बॉल मैदानात यायच्या आधीच दुकानाचे झालेले असतात. आमच्या ऑफिसात माळांच्या जाहिरातीवर सर्वांत जास्त खर्च का व्हायचा, ते तुझं तू समज. हे आजच बंद कर, बाकीचं उत्तर नाही वाचलंस तरी चालेल.

आता बाजू कशी निवडतो ते. पहिली गोष्ट, भाव बघायच्या आधी माझे आकडे वहीत लिहितो. भाव आधी बघितला की मन त्याच्याभोवतीच फिरत राहतं.

दुसरी, निकाल बघत नाही. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये एका मॅचला दोन्हीकडचे मिळून सरासरी पावणेतीनच्या आसपास गोल होतात. क्रिकेटमध्ये तीनशे धावांच्या डावात एक चौकार इकडचा तिकडं झाला तर सहसा काही बिघडत नाही. फुटबॉलात पोस्टला लागून बॉल आत गेला की तीन गुण, बाहेर गेला की एक. अशा खेळात पाच निकालांवरून काय कळणार? म्हणून मी गोल किती झाले यापेक्षा संधी किती आणि किती पक्क्या तयार झाल्या ते बघतो. याला हल्ली एक्सजी म्हणतात, अपेक्षित गोल. शंभर पेनल्टीतल्या पंचाहत्तर ते ऐंशी आत जातात, म्हणून एका पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या जरा वर. तीस यार्डांवरून मारलेल्या शॉटची किंमत दोन-तीन शतांश. असं मॅचभर जोडत जायचं. तुझ्या यजमानांच्या त्या चार मॅचेस मी काढून बघितल्या. तीन विजय एका गोलाचे, त्यांतले दोन पेनल्टीवर. संधींच्या हिशेबानं ती टीम बरी आहे, एवढंच. पाच नाही, निदान वीस-पंचवीस मॅचेस घ्यायच्या, अलीकडच्यांना जरा जास्त वजन द्यायचं आणि समोर कोण होतं तेही मोजायचं. तळाच्या टीमला तीन गोल मारले याचं कौतुक कमीच.

तिसरी, यजमानपणा. आपल्या मैदानाचा फायदा खरा आहे, पण तो कायमचा कोरलेला आकडा नाही. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळं प्रीमियर लीग जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. त्या हंगामात ३८० मॅचेसपैकी यजमानांनी १४४ जिंकल्या आणि पाहुण्यांनी १५३. शाहू स्टेडियमवर गॅलरी ओरडायला लागली की रेफरीच्या चेहऱ्यावर काय होतं ते तू बघितलंयस, मला सांगायची गरज नाही.

हे सगळं घालून शनिवारच्या मॅचसाठी माझे आकडे आले यजमान १.६ गोल, पाहुणे १.१. पुढचं काम एक्सेल करतं. पॉयसाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र आहे, सरासरी दिली की शून्य, एक, दोन, तीन गोल होण्याची शक्यता काढून देतं. फुटबॉलला ते बऱ्यापैकी बसतं. मायकल माहर यांनी १९८२ मध्ये ते नीट मांडलं आणि १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी शून्य-शून्य, एक-एक अशा छोट्या निकालांसाठी त्यात दुरुस्ती केली. आपण साधंच घेऊ. यजमान एकही गोल करणार नाहीत याची शक्यता २० टक्के, पाहुण्यांची ३३. दोन्ही गुणले की शून्य-शून्य जवळजवळ ७ टक्के. असे सगळे स्कोअर मांडून बेरजा केल्या की यजमान ४९, ड्रॉ २५, पाहुणे २६.

बघ आता गंमत. माझ्या हिशेबानं पाहुण्यांचा रास्त भाव ३.८० च्या आसपास, आणि दुकान ४.५० देतंय. २६ टक्के गुणिले ४.५० म्हणजे १.१७. शंभर लावले तर सरासरीनं एकशे सतरा परत. तू ज्यांना हरणारी टीम म्हणतोस, तीच घ्यायची?

नवशिका इथं उडी मारतो. मी इथं खुर्ची मागं सरकवून चहा मागवतो. कारण प्रीमियर लीगसारख्या बाजारात माझ्याहून हुशार माणसं, माझ्याहून मोठे कॉम्प्युटर आणि ढिगानं पैसा असतो. तिथं सतरा टक्के फुकट पडलेले दिसले, तर बहुतेक वेळा चूक माझ्या शीटमध्ये असते.

हे मी मार खाऊन शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कप मॅचचा भाव मी काढला होता. मंगळवारची रात्र, मोठी टीम घरच्या मैदानावर, समोर खालच्या डिव्हिजनची. लीगमधले आकडे घातले, भाव लावला, जेवायला गेलो. त्या टीमची शनिवारी महत्त्वाची मॅच होती, म्हणून मॅनेजरनं नेहमीचे आठ खेळाडू बाहेर बसवले. हे तिथल्या गावच्या पेपरात सकाळीच छापून आलं होतं. मी वाचलं नव्हतं. तासभर आधी टीम जाहीर झाली तेव्हा माझ्या हातात सँडविच होतं आणि स्क्रीनवर एकाच बाजूचे पैसे धो धो येत होते. भाव खाली ओढेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. मॅच मोठ्या टीमनंच जिंकली, शेवटच्या मिनिटाला, म्हणजे कंपनीचा एक पेनीही बुडाला नाही. तरी साहेबानं मला केबिनमध्ये बोलावून झापलं. "निकाल बरोबर आला, भाव चूक होता," एवढंच म्हणाला. तेव्हा अन्याय वाटला होता.

म्हणून शीट झाल्यावर मी बातम्यांच्या मागं लागतो. कोण जखमी, कोण निलंबित, आठवड्यात तिसरी मॅच आहे का, गोलकीपर बदललाय का. या एका कामावर माझा निम्मा वेळ जातो आणि ते सर्वांत कंटाळवाणं आहे. तुझ्या शनिवारच्या मॅचचं काय सापडलं ते शेवटी सांगतो.

मनातली टीम हा वेगळाच रोग, आणि कोल्हापूरकराला तो जन्मजात. २२ नोव्हेंबर २०२२ ला मी सुट्टीवर घरी होतो. अर्जेंटिना-सौदी अरेबिया. गल्लीत मेस्सीचा कटआउट, समोरच्या गल्लीत ब्राझीलवाले आधीच खुन्नस धरून बसलेले. अर्जेंटिना ३६ मॅचेस हरली नव्हती. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली, मग पहिल्याच हाफमध्ये तीन गोल ऑफसाइड ठरले, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पाच मिनिटांत दोन गोल खाऊन अर्जेंटिना २-१ नं हरली. समोरच्या गल्लीत फटाके! एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमचं गणित गेलं चुलीत." मी म्हणालो, बाजार अर्जेंटिनाला शंभरातल्या ऐंशीच्या वर देत होता, शंभर देत नव्हता. उरलेल्या वेळा कधीतरी येणारच, त्या दिवशी आल्या. पुढं तीच टीम वर्ल्डकप घेऊन गेली. पण आपल्या टीमवर कमी भावाला पैसे लावताना ती उरलेली वीस कुणाला दिसतात का? मी स्वतः अर्जेंटिनावाला आहे, म्हणून अर्जेंटिनाच्या मॅचला मी आकडेच काढत नाही.

तुझ्या दुकानात हँडिकॅपचा भावही दिसेल, तो बघायला शीक. गल्लीत मोठी पोरं लहान पोरांना "जा, दोन गोल तुमचे आधीच" म्हणतात ना, तेच. यजमान उणे अर्धा म्हणजे त्यांनी जिंकलंच पाहिजे. पाहुणे अधिक अर्धा म्हणजे ड्रॉ झाला तरी तू जिंकलास. ड्रॉ बाजूला काढल्यानं दोनच बाजू उरतात आणि यात अडतही सहसा कमी असते. पाव गोलाचा हँडिकॅपही असतो, त्यात निम्मे पैसे एका हँडिकॅपवर, निम्मे त्याच्या शेजारच्या. पहिल्यांदा डोकं गरगरतं, मग बसतं.

अमेरिकेतल्या फुटबॉलचं सगळं दुकानच या हँडिकॅपवर चालतं. न्यू जर्सीतला माझा एक मित्र दर रविवारी फोन करतो म्हणून सांगतो, नाहीतर तो खेळ आपला नाही. तिथं दोन्ही बाजूंना साधारण ११० लावून १०० मिळतात, म्हणजे ५२.४ टक्के वेळा बरोबर आलास तर नुसती बरोबरी. फील्ड गोलचे तीन आणि टचडाउन व त्यावरच्या किकचे मिळून सात, म्हणून तीन आणि सात गुणांच्या फरकानं निकाल वारंवार लागतात. अडीच गुणांचा हँडिकॅप आणि साडेतीनचा यांत जमीन-अस्मानाचा फरक. मित्राला हे पाच वेळा सांगून झालंय. तो अजून जर्सीचा रंग बघून लावतो.

किती लावायचे? बाजूला काढून ठेवलेल्या, बुडाले तरी जेवण चुकणार नाही अशा रकमेच्या एक टक्का. जॉन केली यांचं १९५६ चं एक सूत्र आहे, ते फायद्याच्या अंदाजावरून रक्कम काढून देतं. पण अंदाजच चुकला तर ते तुला खड्ड्यात नेतं, म्हणून जाणती माणसंही त्याचा पाव हिस्साच लावतात. हरल्यावर रक्कम दुप्पट करायची कल्पना ज्यानं तुला सांगितली असेल, त्याचा नंबर डिलीट कर.

आणि वही ठेव. तारीख, बाजू, घेतलेला भाव, आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव. जिंकलं-हरलं हा रकाना मी मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवतो. कारण ऐक: समज तुझ्यात खरोखर दोन टक्क्यांचं कसब आहे आणि तू दुपटीच्या भावाला शंभर-शंभर पौंडांच्या शंभर बेट लावल्यास. सरासरी फायदा दोनशे पौंड, पण नुसत्या नशिबाची हेलकावणी हजार पौंड इकडं किंवा तिकडं. शंभर बेटनंतरही तू शहाणा की नशीबवान हे कळणार नाही. शेवटच्या भावावरून मात्र लवकर कळतं. तू २.२० ला घेतलंस आणि मॅच सुरू होताना भाव २.०५ झाला, असं वारंवार होत असेल तर तुला वास बरोबर लागतोय. उलटं होत असेल तर तू आमच्यासारख्यांचा पगार देतोयस.

वास बरोबर लागायला लागला की पुढं काय होतं, तेही आतला माणूस म्हणून सांगतो. कंपनी तुझी मर्यादा कमी करते. आमच्याकडं जिंकणाऱ्या खात्यांची यादी असायची आणि तिथं पाचशेच्या बेटला "चार पौंड घेऊ" असं उत्तर जायचं. हरणाऱ्याला फुकट बेट, वाढदिवसाचा मेसेज, सगळं. तुला मेसेज येतात का?

येत असतील आणि हात थांबत नसेल तर तिथं गॅमस्टॉप म्हणून फुकट सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या परवानाधारक साइट तुला घेत नाहीत. क्रेडिट कार्डावर जुगार तिथं एप्रिल २०२० पासून बंदच आहे, मित्राकडून उसने घेऊनही लावू नकोस.

सुट्टीत इकडं आलास की मात्र यातलं काहीच नाही. आपल्याकडं १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदाही केला. टेलिग्रामवर "आयडी", म्हणजे बेकायदा बेटिंगची खाती, विकणारे अजून भेटतील. त्यांच्याकडं जिंकलास आणि पैसे दिले नाहीत तर तक्रार कुठल्या चौकीत करणार? पेठांच्या मॅचचं तर नावच काढू नकोस. पाटाकडील-दिलबहार असो की खंडोबा-प्रॅक्टिस, सगळे आपल्याच गावचे संघ; ज्या पोरांना आपण वहिनीच्या हातचं जेवताना बघतो, त्यांच्यावर भाव लागायला लागले की एक दिवस त्यातल्या एखाद्याला कुणीतरी फोन करणार. जगात मॅच फिक्सिंगला लहान लीग सापडतात त्या याचमुळं. पगार कमी आणि लक्ष कुणाचं नाही.

तर शनिवार. पाहुण्यांचा मुख्य स्ट्रायकर गुरुवारच्या सरावात मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला, त्यांच्या मॅनेजरनं पत्रकारांना सांगितलंय. मी १.१ चे ०.९५ केले आणि शीट पुन्हा चालवली. यजमान ५२.५, ड्रॉ २५, पाहुणे २२.५. बाजाराचे आकडे वर लिहिलेत, ताडून बघ. यजमानांवर १.८० ला शंभराचे साडेचौऱ्याण्णव येतात. ड्रॉवर नव्वद. पाहुण्यांवर ४.५० ला एकशे एक, आणि तो वरचा एक पौंड माझ्या अंदाजाच्या चुकीत कुठंही हरवेल.

तुझ्या जागी असतो तर मी या मॅचला काहीच घेतलं नसतं. यजमानांचा भाव १.९५ च्या वर गेला तर मला कळव, पण जाईल असं वाटत नाही. आणि येत्या दहा मॅचेसचे तुझे आकडे भाव न बघता लिहून पाठव, पैसे न लावता. लेफ्ट हाफचे आकडे किती चुकतात ते बघू.